पोस्टरवरची आई

प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग हे तीन शब्द कुणी माझ्यासमोर काढले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा आमच्या जुन्या कॉलेजातून फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या. माजी विद्यार्थिनी म्हणून या, मुलांचे प्रोजेक्ट बघा, मार्क द्या, आम्ही गाडी पाठवतो. मी म्हटलं, गाडी पाठवू नका, मी येणार नाही. तर म्हणतात, असं का हो मॅडम, तुमचा प्रोजेक्ट तर आम्ही अजून मुलांना उदाहरण म्हणून दाखवतो! मी फोन ठेवून दिला. उदाहरण म्हणे. त्या उदाहरणाचं पुढं काय झालं हे त्या कॉलेजात एकानंही कधी विचारलं नाही. न विचारता सांगायची मला सवय आहे, तेव्हा सांगते.

आमचं घर वडगावात. मागांच्या गल्लीत. बाबांनी माग कधीच सोडला होता, ते कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीवर होते. माग चालवायची ती आई. स्वतःचा नव्हे, पाठीमागच्या गल्लीतल्या मालकांच्या शेडमधले दोन यंत्रमाग. त्या शेडमध्ये एकूण बारा माग, आणि त्यातले दाराजवळचे दोन आईचे, असं सगळी गल्ली मानायची. तिच्या मागावरची साडी नुसती हात फिरवून ओळखणाऱ्या बायका होत्या. काठ कुठं ओढलेला नाही, पदराला कुठं ढील नाही. आईला त्याचा गर्व होता आणि तो तिला शोभायचा. दिवसभर उभी राहून आली तरी संध्याकाळी घरात ती ताठ चालायची. मला पोरगी म्हणून लाज वाटावी इतकी ताठ.

आणि तिला ऐकू येत नव्हतं.

हे आमच्या घरात तिघांना माहीत होतं. बारा माग एका पत्र्याखाली, खटाक् खटाक् खटाक्, वीस-बावीस वर्षं. कान राहतील कसे? आधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली, मग शेजारीण दारातून हाक मारायची ती, मग मी. आई ओठांवरून ओळखायची. शेडमध्ये तसंही कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, सगळ्याच बायका ओठांनी आणि हातांनी बोलतात, त्यामुळं तिथं तिचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि येऊ नये ही तिची धडपड होती. कारण मालकांचा एक दंडक होता. एकदा कुणाचा तरी पदर मागाच्या फिरत्या पट्ट्यात गेला होता, मागनं सगळे ओरडत होते आणि त्या बाईला ऐकू गेलं नाही. बाई वाचली, पण मालकांनी धसका घेतला. कान गेलेली बाई मागावर नको. तिला कोपऱ्यात बसून कांड्या भरायला लावायचं. कांड्या म्हणजे आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या रिळी. चरख्यापुढं बसायचं आणि दुसरीच्या मागासाठी सूत गुंडाळायचं. आमच्याकडं ते म्हाताऱ्या झालेल्या बायकांचं काम.

"कुणाला सांगू नगंस बघ," आई मला म्हणायची. "मला बसवून ठेवतील त्ये."

मी म्हणायचे, "न्हाय सांगत गं बाई. शपथ."

शपथ घेतली होती मी. एकदा नव्हे, लई वेळा.

आता कॉलेज. हायवेला लागून, गेटावर मोठी कमान, आत लॉनवर पाटी, लॉनवर चालू नका. तिसऱ्या वर्षी एके दिवशी आम्हाला हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं की आजपासून शिकवणं बंद, शिकणं सुरू. शिकवणं तसंही फारसं चालू नव्हतं, त्यामुळं टाळ्या पडल्या. आता म्हणे प्रोजेक्टमधून शिकायचं. समाजात जा, समाजाचे प्रश्न शोधा, त्यावर उपाय काढा. समाज म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही. कॉलेजच्या कमानीबाहेर जे जे होतं तो सगळा समाज असावा, कारण आत तर नुसते आम्ही होतो.

मग जे झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. शहरात तयार प्रोजेक्टची खोकी मिळतात. खोकं उघडायचं, वायरी जोडायच्या, वर स्वतःच्या टीमचं नाव चिकटवायचं. अंधार पडला की आपोआप लागणारा रस्त्यावरचा दिवा त्या वर्षी सहा टीमनी शोधून काढला. एक फवारणीचं यंत्र होतं, ते दर वर्षी नवा रंग लावून नव्या पोरांच्या हाती जायचं. आधीच्या वर्षी हिरवं होतं, आमच्या वर्षी निळं झालं. प्रोजेक्टचे सर सगळ्यांना मान डोलवून व्हेरी गुड म्हणायचे, कारण त्यांनाही वर कागद भरून द्यायचा होता. त्या कागदाला रुब्रिक म्हणायचे. चौकटींचा कागद. प्रत्येक चौकटीला मार्क. त्या माणसाच्या बोलण्यात देवापेक्षा रुब्रिकचं नाव जास्त यायचं.

आमची टीम तिघांची. मी, कॅम्पातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, आणि उचगावचा एक शेतकऱ्याचा पोरगा. कॅम्पातला टीम लीडर झाला, का तर त्याला इंग्रजी येत होतं आणि त्याच्याकडं लॅपटॉप होता. आम्ही पण दिवाच करणार होतो. खोकं आणायचं ठरलं होतं. पण पहिल्याच बैठकीत सरांनी मला विचारलं, तुझ्या घरात काय प्रॉब्लेम आहे? युवर ओन होम?

काय विचारायची रीत आहे का ही? पण मी वीस वर्षांची होते आणि मला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारत होतं. मी म्हटलं, सर, आमच्या इथं मागांच्या आवाजात माणसाला माणूस ऐकू येत नाही.

सर खुर्चीतून पुढं सरकले. "एक्सलंट! रियल प्रॉब्लेम! आणि युजर कोण?"

"युजर म्हणजे?"

"कोणाला त्रास होतो? नाव नको, रोल सांग."

"आई," मी म्हटलं.

त्यांनी कागदावर लिहिलं, युजर, वीव्हर, फीमेल. त्या दिवसापासून माझी आई युजर झाली. नंतर ती स्टेकहोल्डर पण झाली. पोस्टरवर एका जागी बेनिफिशियरी सुद्धा होती. आई मात्र कुठंच नव्हती.

मालकांना विचारायला मीच गेले. कॉलेजची माणसं येणार म्हटल्यावर ते खूश झाले. माणूस वाईट नाही तो, हे मला इथं सांगावंच लागेल, नाहीतर तुम्ही सगळा राग त्याच्यावर काढाल आणि मी मोकळी सुटेन. त्यांनी चहा दिला, शेड दाखवली. कॅम्पातला पोरगा आत आला आणि कानात बोटं घालून बाहेर पळाला. परत आला तो कापसाचे बोळे घालून. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप होतं, ते त्यानं आईच्या मागासमोर धरलं, आकडा बघितला आणि "ओ माय गॉड" म्हणाला. आईनं त्याच्या ओठांकडं बघितलं आणि मला खुणेनं विचारलं, काय झालं त्याला? उचगावचा तेवढा आधी वाकून आईच्या पाया पडला. "काकू, लई वर्सं झाली व्हय हितं?" आई हसली. त्याचे ओठ तिला स्वच्छ कळायचे, तो आमच्यासारखं बोलायचा.

आम्ही ठरवलं की मागाच्या चारी पायांखाली जाड रबराचे ठोकळे बसवायचे. हादरे जमिनीत जात नाहीत, पत्रा वाजत नाही, आवाज उतरतो. पुस्तकात आहे ते, चूक नाही. आणि बसवायला दिवस मिळाला अमावास्येचा. अमावास्येला आमच्याकडं माग बंद असतो, पुसून त्याला हळदकुंकू लावतात, उदबत्ती लावतात. आईनं पूजा करून दोन्ही माग आमच्या ताब्यात दिले. उचगावच्यानं घरून पहार आणली होती, तो आणि मालकांची दोन माणसं मिळून माग उचलायचे, मी ठोकळा सरकवायचे, आणि टीम लीडर फोटो काढायचा. एका फोटोत त्यानं आईला माग धरून उभं केलं. मग म्हणाला, पायात काहीतरी पाहिजे, सेफ्टीचे मार्क आहेत. शेडमध्ये बायका चप्पल घालत नाहीत. मागाला चप्पल घालून कोण शिवेल? मी त्याला तेच सांगितलं. तो म्हणाला, सर विचारतील. मग त्यानं खालचं रबराचं पायपुसणं ओढून आईच्या पायाखाली घातलं. आई बिचारी त्यावर उभी राहिली. तिला वाटलं पोरीच्या अभ्यासाचं काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी माग चालू झाले. आकडा खरंच उतरला. टीम लीडर नाचायचा बाकी राहिला. सरांनी ग्रुपवर अंगठा पाठवला.

आणि चौथ्या दिवशी आईच्या साडीत फट आली.

फट म्हणजे आडवा धागा तुटलेला असतो, माग तसाच चालू राहतो, आणि कापडात नुसत्या उभ्या धाग्यांची पट्टी पडते. साडी गेली. असं कुणाचंही होतं कधीमधी. आईचं होत नव्हतं. मी तिला म्हटलं, होतं गं एखाद्या वेळी. दोन दिवसांनी परत फट आली, ह्या वेळी दुसऱ्या मागावर. मालक म्हणाले, "आक्का, ध्यान कुटं हाय तुमचं? पोरीच्या लग्नाचं बघायलाय काय?" सगळ्या बायका हसल्या. आई पण हसली, कारण समोरचे हसले की ती हसायची.

घरी आल्यावर तिनं मला न्हाणीत गाठलं. भांडी घासत होते मी. माझं तोंड हातानं स्वतःकडं वळवलं आणि म्हणाली, "त्ये रबर काड."

"का गं? आवाज कमी झालाय की."

"मला कुटला आवाज? मला कवाच आवाज न्हाय." मग म्हणाली, "मला पायातनं कळतंय बाई. धागा तुटला की ठोका हलका पडतोय. धोटा उशिरा आला की खालची फरशी सांगती. आता दुसऱ्यांचे सगळे माग कळत्यात, माझे दोनच कळंनात. मेल्यागत झाल्यात."

वीस वर्षं त्या घरात काढली मी. शेडमध्ये आई अनवाणी उभी राहते हे मी रोज बघत होते, आणि मला वाटायचं देवासाठी. मागाचा मान म्हणून. देवासाठी होतंच, पण त्याच पायांनी ती माग ऐकत होती, आणि मी इंजिनिअरिंग शिकणारी शहाणी त्याच पायांखाली रबर घालून आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं आधी का नाही सांगितलं? तर तिला वाटायचं सगळ्यांनाच असं कळतं!

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले ती भांडायच्या तयारीनंच. म्हटलं, सर, ठोकळे काढायचे आहेत. सर म्हणाले, आता? प्रदर्शन बारा दिवसांवर आलं, रीडिंग झाली, ग्राफ झाला. मी म्हटलं, साड्या खराब होताहेत. ते म्हणाले, ते फ्यूचर स्कोपमध्ये लिही. फ्यूचर स्कोप म्हणजे रिपोर्टाचं शेवटचं पान. जे जमलं नाही, जे चुकलं, जे समजलंच नाही, ते सगळं तिथं टाकायचं आणि बाइंडिंग करायचं.

मी म्हटलं, "सर, फ्यूचर नाही, आत्ता. आत्ता काढायचेत."

"बघ, एका युजरच्या सवयीसाठी डिझाइन बदलत नाहीत."

एका युजरच्या सवयीसाठी! आणि मी ओरडले. केबिनचं दार उघडं होतं, बाहेर पोरं उभी होती, कशाचं भान नव्हतं मला. "सवय नाही सर! तिला ऐकू येत नाही! माझी आई बहिरी आहे, ती पायानं माग ऐकते आणि आपण तिचे पाय बंद केलेत!"

सर खुर्चीत मागं टेकले. मला वाटलं जिंकले मी. मग त्यांनी हळूच पेनाचं टोपण काढलं.

"पायानं ऐकते," ते म्हणाले. "वंडरफुल. हा तर इनसाइट आहे. धिस इज एम्पथी."

रुब्रिकमध्ये एक चौकट होती, युजर एम्पथी, म्हणजे वापरणाऱ्याचं दुःख जाणणं. तिला सगळ्यांत जास्त मार्क होते, आणि कुठल्याच टीमकडं भरायला काही नव्हतं. दिव्याला कसली एम्पथी? सरांनी तिथल्या तिथं मला पोस्टरचा नवा भाग सांगितला. ठोकळे काढायची गरजच नाही म्हणाले, उलट मागाच्या पुढं एक लोखंडी पट्टी टाकायची, ती मागाला जोडायची, बाई तिच्यावर उभी राहील, हादरा पायाला मिळेल, बाकी जमिनीला नाही. आणि खरं सांगते, कल्पना चांगली होती. त्या माणसाला अक्कल नव्हती असं नाही. मला ती पटली आणि तिथंच मी मेले. कारण पट्टी बसली, आईला ठोका परत कळायला लागला, साड्या नीट निघायला लागल्या, आणि मी समजले आता सगळं मार्गी लागलं. गुपित बाहेर पडलंय, केबिनच्या दारातून, माझ्याच तोंडून, हे मी सोयीस्कर विसरले.

पोस्टर तयार झालं. तुमचं नाव नाही, चेहरा नाही, असं कॉलेजचं वचन होतं, संमतीच्या कागदावर छापलेलं. कागद इंग्रजीत. आईनं त्यावर मराठीत सही केली, एकेक अक्षर काढत, आणि मला विचारलं, "ह्यात काय लिवलंय?" मी म्हटलं, "तुझं नाव कुणाला सांगणार न्हाईत असं लिवलंय." पोस्टरवर फोटो होता. डोळ्यांवर काळी पट्टी. खाली इंग्रजीत, श्रवणदोष असलेली महिला कामगार पायांद्वारे यंत्राची स्थिती ओळखते. बाजूला तिच्या पायांचा वेगळा मोठा फोटो, जोडव्यासकट. त्या काळ्या पट्टीवर मी आजही थुंकेन. वडगावातलं शेंबडं पोर सुद्धा ती साडी, तो माग आणि ते जोडवं बघून सांगेल कोण आहे ते.

मी उचगावच्याला म्हटलं, बघ की, ओळखू येतंय काय? त्यानं जोडव्यावर बोट ठेवलं. म्हणाला, "येतंय की गं. पर हितं कोण बघणार हाय? सगळी कॉलेजची माणसं." मला हेच ऐकायचं होतं, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी, शनिवारी, हॉलमध्ये फुगे लावले होते. निळं फवारणी यंत्र, सहा दिवे, एक रोबोट जो भिंतीला धडकून पडायचा. मी आईची एक साडी नेसले होते, तिच्याच मागावरची. साडेअकराला दारात गलका झाला आणि सर एका पाहुण्याला हाताला धरून आत घेऊन आले. शाल, नारळ, छातीवर कागदाचं फूल. आमचे इंडस्ट्री पार्टनर म्हणे. ते आमचे मालक होते.

मला कुणी सांगितलं नव्हतं. रुब्रिकमध्ये इंडस्ट्रीची पण एक चौकट होती.

टीम लीडरनं इंग्रजीत सुरुवात केली. मालकांनी दोन मिनिटं मान हलवली आणि मग इकडं तिकडं बघायला लागले. तेव्हा सर मला म्हणाले, "तू सांग. मराठीत सांग. तुझी स्टोरी आहे."

आता ऐका. इथं मला कुणी ढकललं नाही. मी आवाजाचं सांगू शकत होते, ठोकळ्यांचं सांगू शकत होते, लोखंडी पट्टी कशासाठी विचारलं असतं तर हादरा मोजायला म्हणून थाप मारू शकत होते. मालक काही मेकॅनिकल शिकलेले नव्हते. पोस्टरवरचं इंग्रजी त्यांनी वाचलं नव्हतं, फोटोसमोर मी उभी होते. एक पाऊल डावीकडं सरकले नसते तरी भागलं असतं.

पण तीन वर्षांत त्या कॉलेजात मी एकदाही धड बोलले नव्हते. इंग्रजीत उभं राहिलं की जीभ वळायची नाही, मागच्या बाकावरून हसू यायचं. आणि आता मराठीत बोल म्हणाले, आणि सगळा हॉल गोळा झाला. मी बोलायला लागले. काय बोलले मी! माझंच मला नवल वाटलं. माग कसा चालतो, धोटा कसा धावतो, धागा तुटल्यावर ठोका कसा हलका पडतो. लोक पुढं सरकले. प्रिन्सिपॉल आले. हसणारी तीच पोरं तोंड उघडून ऐकत होती. आणि मग मी थांबले, मुद्दाम थांबले, जसं चांगलं बोलणारे थांबतात, आणि एक पाऊल डावीकडं सरकून म्हटलं, "ह्या बाईला ऐकू येत नाही. आठ-नऊ वर्षं झाली. ती हे सगळं तळपायानं ऐकते. आणि आजवर हे कुणाच्याही लक्षात आलेलं नाही."

टाळ्या पडल्या. लई पडल्या.

मालक फोटोसमोर वाकले. पायांच्या फोटोसमोर. मग माझ्याकडं बघून सावकाश म्हणाले, "आमच्या बी ध्यानात आलं न्हाई बघ." टाळ्या तेव्हाही चालूच होत्या.

त्या टाळ्यांत मला समजलं. मी तोंडावर पदर धरला. सरांना वाटलं मी भावुक झाले, त्यांनी पाण्याची बाटली दिली. मी मालकांच्या मागं दारापर्यंत धावले. म्हटलं, काका, साड्या बघा की तिच्या, पट्टीवर उभी राहिल्यापासून एक फट नाही. ते म्हणाले, "साडीचं न्हवं गं पोरी. उद्या पदर पट्ट्यात गेला, मागनं आम्ही बोंबललो, तर? तू हितं भाषण करशील. मी तुझ्या बाला काय तोंड दाखवू?" पुस्तकात ह्याचाही उपाय असतो, इशाऱ्याचा दिवा लावता आला असता, दुसरीला लांबून ओढून माग बंद करता येईल अशी दोरी बसवता आली असती, पण ते सगळं मला घरी जाताना बसमध्ये सुचलं. सोमवारी सकाळी मी आकृती काढून शेडवर नेली. मालकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. बघू म्हणाले. कॉलेजला फोन केला तर सर म्हणाले, सबमिशन झालंय ना, आता तुम्ही फ्री आहात.

आईला बाबांकडून कळलं, मी सांगायच्या आत. मालकांनीच बाबांना बेकरीवर जाऊन नीट समजावून सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे म्हणून कौतुक पण केलं होतं. पुढचे दोन दिवस आईनं जेवायला वाढलं, डबा भरून दिला, साडी धुवून घडी घालून ठेवली. मी तिच्या समोर जाऊन बसले आणि काहीतरी म्हणायला लागले. मी तोंड उघडलं की ती दुसऱ्या कामाला लागायची. शिव्या घाल की, मी म्हटलं. मार. मी असते तर मारलं असतं.

निकाल लागला त्या दिवशी मी सरळ शेडवर गेले. दाराजवळच्या दोन मागांवर एक नवी बाई उभी होती, पायात चप्पल घालून. रबराचे ठोकळे काढून कोपऱ्यात रचले होते, लोखंडी पट्टी कुणीतरी दाराला अडसर म्हणून लावली होती. आई मागं, कांड्यांच्या चरख्यावर, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसली होती. तिला मी आलेली कळली. तिनं मान वर केली नाही, सुतावरची नजर काढली नाही. पण विचारलं. मोठ्यानं विचारलं, बहिरी माणसं विचारतात तसं.

"किती पडले गं मार्क तुला?"

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं, त्यामुळं तिला कळलं नाही. "काय?" तिनं मान खालीच ठेवून विचारलं. तेव्हाच वीज गेली. बाराही माग एकदम थांबले. आणि त्या शांत शेडमध्ये, सगळ्या बायकांच्या देखत, मला तेच परत ओरडून सांगावं लागलं.